अकराव्या दिवशी कोण येणार?



मुळशी तालुक्यात पौडला माझा छोटासा दवाखाना आहे. तीस वर्षं होत आली त्याला. सर्दी-ताप, विंचू-साप, लहान मुलांचे जुलाब असं सगळं बघणारा मी एक साधा जनरल प्रॅक्टिशनर. आज मात्र मी औषधांविषयी बोलणार नाही. रुग्णालयाला पैसे कोण देतं आणि कशाच्या हिशेबानं देतं, याविषयी बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, हा विषय हिशेबनिसाचा, डॉक्टरचा त्यात काय संबंध? बरीच वर्षं मलाही तसंच वाटत होतं. एका आजींमुळे माझं मत बदललं.

२०१९ सालचा जुलै महिना. मुळशीतला जुलै ज्यांनी पाहिला आहे, त्यांना पावसाचं वेगळं वर्णन करून सांगायला नको. भाताची लावणी ऐन भरात आलेली. धरणाच्या पलीकडच्या एका गावात सत्तरी ओलांडलेल्या आजी पहाटे गोठ्याकडे निघाल्या आणि शेवाळलेल्या पायरीवरून घसरल्या. उजव्या अंगावर पडल्या, उठता येईना. पाय बाहेरच्या बाजूला वळलेला आणि आखूड झालेला. मुलानं फोनवर एवढं सांगितलं, तेव्हाच मी ओळखलं की खुब्याचं हाड मोडलंय.

मी नवा नवा पौडला आलो, तेव्हा अशा आजींचं काय होत असे, ते मी पाहिलं आहे. पुण्यातल्या ऑपरेशनचा आकडा ऐकून माणसं गप्प व्हायची. हाडवैद्याकडून पट्टी बांधून घ्यायची, नाहीतर पायाला विटांचं वजन लावून म्हातारीला खाटेवर निजवायची. तीन महिने, चार महिने. त्यात पाठीला जखमा व्हायच्या, छातीत कफ साचायचा आणि एक दिवस निरोप यायचा. मृत्यूच्या दाखल्यावर मी कारण लिहायचो, न्यूमोनिया.

या आजींचं तसं झालं नाही. घरात केशरी रेशनकार्ड होतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या यादीतल्या पुण्याच्या एका रुग्णालयात त्यांना नेलं. तिथल्या आरोग्यमित्रानं कागद पाहिले, मंजुरी आली, तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. हाडात सळई बसली. सातव्या दिवशी आजी घरी. रुग्णालयानं घरच्यांकडून एक रुपया घेतला नाही. मुलगा पेढे घेऊन दवाखान्यात आला. मीही खूश होतो.

सप्टेंबरच्या अखेरीला, ताप उतरत नाही म्हणून मला त्यांच्या घरी बोलावलं. आजी पडवीत खाटेवर होत्या. टाके कोरडे, हाड जुळलेलं, सळई जागच्या जागी. आणि आजींना बसतासुद्धा येत नव्हतं. घरी आल्यापासून त्यांना कुणी उभंच केलं नव्हतं. मुलगा म्हणाला, "डॉक्टर, म्हातारीला तरास नको म्हणून उठवलीच न्हाय. सळई हालंल म्हणून भ्या वाटत हुतं." सून लावणीच्या दिवसांत पहाटेपासून खाचरात. वॉकर कोपऱ्यात उभा, त्यावर टॉवेल वाळत घातलेला. आजींच्या मांड्यांची काटकी झाली होती आणि कमरेखाली तळहाताएवढी जखम होती.

डिसेंबरात आजी गेल्या. दाखल्यावर मी पुन्हा न्यूमोनिया लिहिलं.

त्या रात्री माझ्या मनात एक गोष्ट घर करून बसली. रुग्णालयाच्या दप्तरात या आजी 'ऑपरेशन यशस्वी, प्रकृती समाधानकारक, घरी सोडले' अशाच राहणार. यात कुणी खोटं लिहिलेलं नव्हतं. ऑपरेशन खरोखरच चांगलं झालं होतं. मग चुकलं कुठे?

हे समजून घ्यायला योजनेचा हिशेब थोडा पाहावा लागतो. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावानं ती २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली, नोव्हेंबर २०१३ पासून राज्यभर झाली आणि २०१७ साली तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. आजी पडल्या तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण होतं. २०२३ साली सरकारनं ते पाच लाखांवर नेण्याचा आणि राज्यातल्या सर्वच कुटुंबांना त्यात घेण्याचा निर्णय केला. या योजनेत रुग्णालयाला पैसे मिळतात ते 'पॅकेज'च्या रूपानं. प्रत्येक ऑपरेशनचा, प्रत्येक उपचाराचा एक ठरलेला आकडा. त्यात खाट, भूलतज्ज्ञ, औषधं, सळई, जेवण, एवढंच काय, परतीचा प्रवासखर्चही धरलेला. आणि घरी सोडल्यानंतर दहा दिवसांपर्यंतची देखभाल.

दहा दिवस. खुब्याचं हाड मोडलेल्या म्हातारीला पुन्हा चुलीपर्यंत चालत जायला तीन महिने लागतात. त्यातले पहिले दहा दिवस तर टाक्यांचेच. अकराव्या दिवसापासून खरं काम सुरू होतं. बसवायचं, उभं करायचं, वॉकर धरून चार पावलं, मग अंगणापर्यंत. या कामाला ना सळई लागते ना भूल. लागतो तो जाणता माणूस, रोजचा अर्धा तास आणि धीर. आणि नेमकं या कामासाठी घरी येणारं माणूस पॅकेजात कुठेच नव्हतं.

आता याच तालुक्याचं दुसरं टोक बघा. हिंजवडीही मुळशीतच येते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. त्याच वर्षी तिथल्या एका संगणक कंपनीत नोकरी करणाऱ्या मुलाचे वडील सोसायटीच्या जिन्यावरून पडले. मोडलं तेच हाड. त्यांचा कंपनीचा विमा होता. तिथे पैसे द्यायची पद्धत निराळी. जितक्या तपासण्या, जितके दिवस, जितक्या तज्ज्ञांच्या भेटी, तितकी बिलाची पानं. आजोबा अकरा दिवस राहिले. काही तपासण्या दोनदा झाल्या. एका तज्ज्ञांनी दारातूनच विचारपूस केली, ती बिलात भेट म्हणून आली. हे कागद मुलानं मला आणून दाखवले, म्हणून कळलं. पण त्याच बिलात रोजच्या फिजिओथेरपीचीही ओळ होती, आणि घरी आल्यानंतरच्या साठ दिवसांचा खर्चही विम्यात बसत होता. घरी रोज फिजिओथेरपिस्ट यायची. दिवाळीत आजोबा काठी टेकत सोसायटीच्या बागेत फिरत होते.

कुणाला वाटेल, मी गरीब-श्रीमंतांची गोष्ट सांगतोय. ती तर आहेच. पण तेवढ्यावर थांबलो तर मुद्दा हातचा निसटेल. दोन्हीकडे जे घडलं ते पैसे देण्याच्या पद्धतीला धरून घडलं. जिथे प्रत्येक गोष्टीचे वेगळे पैसे, तिथे गोष्टी वाढल्या. काही निरुपयोगी, काही अत्यंत उपयोगी. जिथे सगळ्याचा मिळून एक आकडा, तिथे त्या आकड्याच्या बाहेरचं सगळं गळून पडलं. त्यात निरुपयोगी गळालं हे बरंच झालं, पण आजींचं चालणंही गळालं.

तसं पाहिलं तर जगात रुग्णालयाला आणि डॉक्टरला पैसे देण्याच्या पद्धती चार-पाचच आहेत, आणि त्यातल्या बहुतेक आमच्या तालुक्यात सापडतात. पौडच्या ग्रामीण रुग्णालयातला डॉक्टर पगारावर आहे. पेशंट दहा आले काय, शंभर आले काय, त्याचा पगार तोच. त्यामुळे त्याला नको ते ऑपरेशन करायचा मोह नाही, पण जास्तीचं एक पाऊल टाकायला स्वतःच्या मनाशिवाय दुसरं कारणही नाही. पिरंगुटच्या कारखान्यांत कामगारांच्या पगारातून ईएसआयचे पैसे कापले जातात. त्या योजनेत मुंबई-पुण्याकडे पॅनेल डॉक्टरांची जुनी पद्धत आहे. डॉक्टरकडे जितके कामगार नोंदलेले, तितक्या डोक्यांमागे वर्षाला ठराविक रक्कम. यात माणसं आजारी पडू नयेत यातच डॉक्टरचा फायदा, हे किती चांगलं! पण आजारी पडलेला माणूस आपल्या दारात फार वेळ बसू नये, असंही त्याला वाटू शकतं. तिसरी पद्धत प्रत्येक सेवेमागे पैसे, चौथी पॅकेज.

प्रत्येक सेवेमागे पैसे मिळतात तिथे काय होतं, याचा अंदाज बाळंतपणांवरून येतो. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या सरकारी दवाखान्यांतली १४.३ टक्के बाळंतपणं सिझेरियननं झाल्याचं दिसलं, तर खासगीत हाच आकडा ४७.४ टक्के होता. हा सगळाच फरक पैशामुळे आहे, असं मी म्हणणार नाही. खासगीत जाणाऱ्या बायका वेगळ्या, त्यांची वयं वेगळी, त्यांची मागणीही वेगळी. पण बाईचं शरीर दवाखाना बदलला म्हणून एवढं बदलत नाही, हेही तितकंच खरं.

मग पॅकेजची पद्धत वाईट का? मुळीच नाही, आणि हे मला ठासून सांगायचं आहे. आपल्या शेजारी कर्नाटकात २०१० साली वाजपेयी आरोग्यश्री योजना सुरू झाली. तिथेही हृदयविकार, कर्करोग अशा मोठ्या आजारांवर गरिबांना फुकट उपचार आणि रुग्णालयाला ठरलेलं पॅकेज. योजना आधी राज्याच्या उत्तर भागात आली, दक्षिणेत नंतर. त्यामुळे सीमेवरच्या शेजारच्या गावांची तुलना करता आली. २०१४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये तिचे निष्कर्ष आले. योजनेत बसणाऱ्या आजारांनी झालेल्या मृत्यूंचं प्रमाण, योजना नसलेल्या गावांतल्या गरीब घरांत ०.९० टक्के होतं. योजना असलेल्या गावांत ते ०.३२ टक्के होतं. म्हणजे जवळपास एक तृतीयांशावर आलं. दार उघडलं की माणसं जगतात. आमच्या आजीही योजना नसती तर विटांच्या वजनाखालीच राहिल्या असत्या. म्हणून मी योजनेच्या विरोधात एक शब्द बोलणार नाही. मला बोलायचं आहे ते दार उघडून आत गेलेल्या माणसाला बाहेर कसं सोडतात याविषयी.

आणि हा अनुभव काही आपल्या एकट्याचा नाही. अमेरिकेत म्हाताऱ्या माणसांसाठी मेडिकेअर नावाची सरकारी विमा योजना आहे. १९८३ साली तिथल्या सरकारनं ठरवलं की, रुग्णालयाला यापुढे झालेला खर्च द्यायचा नाही, आजारानुसार ठरलेली एकरकमी रक्कम द्यायची. साहजिकच रुग्णांना लवकर घरी पाठवणं सुरू झालं. पुढे एका मोठ्या पाहणीत असं दिसलं की, मृत्यू काही वाढले नाहीत, पण पुरती स्थिर न झालेली माणसं घरी पाठवण्याचं प्रमाण वाढलं.

इंडियानापोलिसच्या एका रुग्णालयानं तर खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्यांचाच हिशेब मांडला. तो १९८८ साली प्रसिद्ध झाला. नव्या पद्धतीआधी असा रुग्ण सरासरी २१.९ दिवस रुग्णालयात राहायचा, नंतर १२.६ दिवस. जाताना त्याला जेवढं चालता येई, ते अंतर निम्म्याहून कमी झालं. आणि वर्षभरानंतरही वृद्धांच्या शुश्रूषागृहातच अडकून पडलेल्यांचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर गेलं. हे आकडे मी वाचले तेव्हा मला कोपऱ्यातला तो वॉकर आणि त्यावरचा टॉवेल आठवला. फरक एवढाच, की तिकडे शुश्रूषागृह होतं आणि इकडे पडवी.

पण याच हाडाची एक चांगली गोष्टही आहे. इंग्लंडमध्ये २०१० सालापासून खुब्याच्या फ्रॅक्चरसाठी रुग्णालयाला मूळ रकमेवर काही जास्तीचे पैसे मिळू लागले, मात्र काही अटी पाळल्या तरच. ऑपरेशन ३६ तासांच्या आत झालं पाहिजे. वृद्धांच्या आजारांच्या तज्ज्ञानं रुग्णाला तपासलं पाहिजे. पुन्हा पडू नये, हाडं बळकट राहावीत यासाठी काय करायचं ते ठरवलं पाहिजे. पुढे त्यात आणखी एक अट आली, की ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवसापर्यंत फिजिओथेरपिस्टनं त्याला पाहिलं पाहिजे. प्रत्येक रुग्णाची नोंद राष्ट्रीय नोंदवहीत. एक अट जरी चुकली तरी त्या रुग्णाचे जास्तीचे पैसे गेले. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये ही पैशाची पद्धत नव्हती. अभ्यासकांनी दोन्ही देशांची तुलना केली, तेव्हा इंग्लंडमध्ये ऑपरेशनं लवकर होऊ लागल्याचं आणि मृत्यू अधिक कमी झाल्याचं २०१९ साली त्यांनी लिहिलं. अमेरिकेनंही एप्रिल २०१६ मध्ये खुबा आणि गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियांसाठी असा नियम काही शहरांत आणला, की घरी सोडल्यानंतरच्या नव्वद दिवसांच्या खर्चाची जबाबदारीही रुग्णालयाचीच. दहा नव्हे, नव्वद. २०२४ अखेर तो प्रयोग संपला. तो चालू असताना खर्च थोडा कमी झाला होता आणि गुंतागुंत वाढली नव्हती.

हे सगळं परदेशातलं झालं. तुम्ही म्हणाल, आपल्याकडे कसं जमायचं? श्रोतेहो, आपल्याकडे ते जमलेलं आहे, फक्त आजींसाठी नाही.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत नवजात बाळांची काळजी घरच्या घरी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच बायकांना शिकवलं, त्या घरोघर जाऊन बाळ तपासू लागल्या. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि पुढे ही पद्धत साऱ्या देशानं घेतली. २०११ पासून दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताई बेचाळीस दिवसांत सहा वेळा जाते. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. सहाही भेटी पुऱ्या झाल्या की तिला अडीचशे रुपये मिळतील, असं तेव्हा ठरलं. रक्कम तुटपुंजी आहे, मान्य. पण प्रत्येक भेटीचा कागद आहे, तारीख आहे, आणि म्हणून ती चिखल तुडवत जाते.

आमच्या आजींच्या शेजारच्या घरी त्याच पावसाळ्यात बाळ जन्मलं होतं. आशाताई त्या घरी सहा वेळा गेली. सहाही वेळा आजींच्या पडवीवरून गेली. एकदा आजींनी तिला हाक मारून पाणीही दिलं, म्हणजे सुनेला द्यायला लावलं. मी नंतर तिला विचारलं, "ताई, आजींना उभं करून बघावंसं नाही वाटलं?" ती म्हणाली, "सर, मला त्यातलं कुणी शिकवलं नाही. आणि आजींचा फॉर्मच नाही ना माझ्याकडे."

मला तिचा राग आला होता. घरी येताना मुळशीच्या घाटरस्त्यावर गाडी चालवता चालवता तो माझ्यावरच उलटला. कारण माझ्याकडे तरी आजींचा फॉर्म कुठे होता? मी पैसे घेतो ते तपासणीचे. दवाखान्याची पायरी चढून जो आत येतो, त्याचे. कधी पैशाऐवजी कुणी पायलीभर आंबेमोहोर आणून देतो, तोही तपासल्याबद्दलच. जी पायरी चढू शकत नाही, ती माझ्या हिशेबात नसते, आणि हिशेबात नसते म्हणून आठवणीतही राहत नाही. जुलैत मी पेढे खाल्ले, आणि सप्टेंबरपर्यंत त्या कशा आहेत, हे विचारलं नाही. माझ्याकडे मुलाचा फोन नंबर होता. पौडहून त्यांचं गाव गाडीनं तासाभरावर. रुग्णालयाची जबाबदारी दहाव्या दिवशी संपली. अकराव्या दिवशी ती कुणाकडे आली? खरं तर माझ्याकडे. पण मला ती कुणी दिली नव्हती आणि मी मागितली नव्हती.

सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यांसाठी ज्वारीची विमा योजना चालवली. सुगीत घरटी ज्वारी द्यायची, ज्याच्याकडे जमीन जास्त त्यानं जास्त द्यायची. गावातली पाऊण कुटुंबं सामील झाली तरच त्या गावाला योजना. अचानक आलेल्या आजारपणात रुग्णालयात दाखल होणं फुकट. आधी माहीत असलेल्या, ठरवून करायच्या गोष्टींसाठी थोडा वाटा. त्यातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की गावातला आरोग्यसेवक आणि रुग्णालय एकाच साखळीत होते. रुग्ण घरी परतला तरी साखळीतून सुटत नव्हता. ज्वारी गावानं दिलेली, म्हणून विचारायचा हक्कही गावाचा.

तेव्हा पैसे देण्याच्या पद्धतीत काय बदलावं, याबद्दल माझं साधं म्हणणं असं. पॅकेजमधली थोडी रक्कम मागे ठेवावी आणि तीन महिन्यांनी रुग्ण कसा आहे, हे पाहून ती द्यावी. चालतो का? स्वतःच्या पायांनी शौचाला जाऊ शकतो का? एवढंच विचारलं तरी पुरे. मात्र हे उत्तर रुग्णालयानं स्वतःच लिहू नये, गावातल्या कुणीतरी पाहून लिहावं. दुसरं, म्हाताऱ्या माणसाच्या ऑपरेशननंतरही बाळंतिणीसारख्या सहा भेटी असाव्यात, आशाताईला त्याचं शिक्षण आणि योग्य मोबदला मिळावा. घरी सोडतानाच्या कार्डावर पहिल्या भेटीची तारीख आणि भेट देणाऱ्याचं नाव असावं.

यातही धोका आहे, तो सांगितला नाही तर मी अर्धवट बोलल्यासारखं होईल. चालणाऱ्या रुग्णाचेच पूरे पैसे मिळणार असतील, तर ऐंशी वर्षांची, मधुमेहाची, आधीच लंगडणारी आजी कुणाला हवी? तिला "इथे खाट नाही, पुढे न्या" असं सांगणारे निघतीलच. म्हणून ज्याची प्रकृती आधीच नाजूक, त्याचा आकडा मुळातच मोठा हवा, आणि कुणाला परत पाठवलं याचीही नोंद हवी. निर्दोष पद्धत कुठलीच नाही. पैसे कशाला देतो, हे अधूनमधून तपासत राहावं लागतं, एवढंच.

सरकार हे करील तेव्हा करील. तोवर तुमच्या-माझ्या हातात जे आहे ते सांगतो. घरातलं म्हातारं माणूस ऑपरेशन करून घरी आणताना डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. याला उभं कधी करायचं? ते कसं करायचं, आम्हाला आत्ता इथे करून दाखवाल का? आणि दहा दिवसांनंतर काही अडलं तर विचारायचं कुणाला? उत्तरं कागदावर लिहून घ्या. सळई हलेल या भीतीनं माणसाला निजवून ठेवू नका. या ऑपरेशननंतर बहुतेकांना दुसऱ्या दिवसापासूनच बसवायचं, उभं करायचं असतं. डॉक्टरांनी मनाई केली असेल तेवढा अपवाद.

मी स्वतः एक वही केली आहे. भागातलं कुणी खुब्याचं, मांडीचं, गुडघ्याचं ऑपरेशन करून आलं की त्याचं नाव त्यात लिहितो आणि पुढे सहा तारखा टाकतो. आशाताईच्याच तारखा, तिच्याकडूनच घेतल्या. पहिल्या भेटीला जमलं तर मी जातो, नाहीतर कंपाउंडर जातो, आणि घरातल्या एका माणसाला चालवायचं कसं ते शिकवतो. लावणीच्या दिवसांत घरातली शाळकरी नातसुद्धा हे काम उत्तम करते, असा माझा अनुभव आहे. या भेटींचे पैसे घ्यायचे की नाही, यावर घरात बायकोशी माझा वाद झाला. ती म्हणाली, "फुकट जाल तर दोन वर्षांत थांबाल." तिचं बरोबर होतं, हे एवढं सगळं बोलल्यावर मला मान्य करावंच लागतं. आता भेटीमागे थोडे पैसे घेतो. ज्यांना झेपत नाहीत, त्यांच्या नावापुढे नुसती खूण.

त्या वहीत पहिल्या पानावर आजींचं नाव आहे. पुढच्या सहा तारखा मी नंतर, उगाचच, लिहून ठेवल्या आहेत. पहिली तारीख जुलैमधली आहे.